बिया पेरण्याआधी ऊन बघा: शरद सरताना आणि हेमंत लागताना परसबागेत काय बदलतं?

गच्चीवरची, पुणे | १५ नोव्हेंबर

दिवाळी संपली की ‘थंडीत कुंडीत काय लावू?’ हा प्रश्न येतो आणि उत्तरात बियाण्यांच्या याद्या येतात. याद्या उपयोगीच असतात. पण बिया पेरण्याआधी आपल्या गच्चीवर, गॅलरीत, अंगणात ऊन आता कुठे पडतंय ते बघायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

आपल्याकडची थंडी बागेला झोपवणारी नाही. रब्बीचा हंगाम तर आत्ता कुठे सुरू होतोय. बदलतात त्या दोन गोष्टी: उन्हाची दिशा आणि रात्रीची लांबी.

पुण्याचा हिशोब सांगते. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. नंतर तो दक्षिणेकडे कलत जातो, इतका की २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबारालासुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर जात नाही. आता हे गच्चीवर आणून बघा. दक्षिणेकडचा कठडा तीन फूट उंच असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस त्याची दुपारची सावली जेमतेम फूटभर असते. आज ती सव्वादोन फुटांच्या आसपास आहे आणि डिसेंबरच्या शेवटी पावणेतीन फुटांपर्यंत जाईल. म्हणजे त्या कठड्याला चिकटून ओळीने मांडलेल्या कुंड्या पावसाळाभर उन्हात होत्या, त्या आता दिवसभर सावलीत जाणार. मग आपण म्हणतो, थंडीमुळे पालक वाढत नाही. त्याला थंडी आवडते हो, त्याला ऊन मिळत नाहीये.

तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन अशा तीन वेळा खडूने उन्हाची हद्द आखा. तिन्ही खुणांच्या आत जी जागा येईल ती टोमॅटो, वांगी, वाटाणा, गाजर यांची. चारेक तास ऊन येणारी जागा मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिन्याला पुरते. दक्षिणेच्या कठड्याजवळच्या कुंड्या एक तर दोन-तीन फूट आत ओढा, नाहीतर विटांच्या नाहीतर लोखंडी स्टँडवर चढवा. उत्तरेकडची भिंत, म्हणजे जिचं तोंड दक्षिणेला आहे ती, या दिवसांत सोन्याची. तिथे ऊन तर दिवसभर असतंच, शिवाय तापलेली भिंत रात्री हळूहळू ऊब सोडते.

आता जे संपतंय त्याबद्दल. दोडका, घोसाळी, काकडीचे वेल पांढुरके होऊन वाळायला लागले असतील तर ओढून उपटू नका. बुंध्याशी कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. ती कुजतात, मातीत पोकळ्या करतात आणि पुढच्या पिकाची मुळं त्याच वाटेने खाली जातात. झेंडूची फुलं झाडावरच पूर्ण वाळू द्या, मग बी धरा. हळद, सुरण, सोनटक्का, भुईचाफा यांची पानं पिवळी पडून लोळायला लागली असतील तर त्यांना खत घालायला जाऊ नका. झाड सगळं काही खाली कंदात नेऊन ठेवतंय. पाणी कमी करत करत थांबवा. हळद पानं पूर्ण वाळल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत काढायची. पांढऱ्या चाफ्याचं तेच. पानाखाली नारिंगी भुकटीचा तांबेरा दिसत असेल तर गळलेली पानं गोळा करा, बाकी त्याला विश्रांती द्या. मोगराही आता थांबलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी केली की फाल्गुन-चैत्रात कळ्या येतात.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात झाली असेल तर फुलं साधारण पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला येतील. राहिली असेल तर या आठवड्यात करून टाका, त्याहून उशीर नको.

तुमच्याकडे काय चाललंय? मला पुण्याची हवा ठाऊक आहे, पण कोकण, विदर्भ, खानदेशातली गणितं निराळी. ती त्या त्या माणसांनीच सांगायला हवीत.

नवशिकी, ठाणे | १५ नोव्हेंबर

ताई, खूप छान धागा. वाचनखूण साठवली. माझी एकच गॅलरी आहे आणि ती उत्तरेला. जूनमध्ये राहायला आलो तेव्हा सकाळ-संध्याकाळ ऊन यायचं म्हणून टोमॅटो आणि मिरच्या लावल्या. आता एक कवडसाही येत नाही. समोर इमारतही नाही, मोकळं आहे. मग ऊन गेलं कुठे?

गच्चीवरची, पुणे | १५ नोव्हेंबर

@नवशिकी, ऊन तुमच्या इमारतीच्या पलीकडच्या बाजूला गेलं. २२-२३ सप्टेंबरनंतर सूर्य उगवतोच पूर्वेच्या दक्षिणेला आणि मावळतो पश्चिमेच्या दक्षिणेला. उत्तरेच्या गॅलरीला मार्चच्या उत्तरार्धापर्यंत थेट ऊन मिळणार नाही. टोमॅटो-मिरच्यांना एखादी शेजारीण किंवा सोसायटीची गच्ची मिळाली तर तिकडे हलवा. पण मोकळं आभाळ समोर आहे ना? मग उजेड भरपूर आहे. पुदिना, ओवा (जाड पानाचा), गवती चहा, आलं, नागवेल, मनीप्लांट, नेचे सगळं राहील. मेथी दाट पेरून दहा-बारा दिवसांत कोवळी कापून घ्या. तेवढ्यासाठी बियातलंच अन्न बऱ्यापैकी पुरतं.

निवृत्तमास्तर, कोल्हापूर | १६ नोव्हेंबर

आमच्या कोल्हापुरात प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्यांच्या गटात, जे लोक तयार झाले, त्यांना हा धागा वाचून फार बरं वाटेल. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. बागेकडेही ते त्याच नजरेने बघायचे: एक चौरस फुटावर किती ऊन पडतं, ते झेलायला किती पान आहे आणि ते पान किती दिवस काम करतं. माती नसली तरी पालापाचोळ्यावर आणि थोड्या मातीवर शहरात अन्न पिकवता येतं हे त्यांनी लोकांकडून करून घेतलं. गच्चीवरच्या नागरी शेतीचं जे वेड आज दिसतं त्याच्या मुळाशी ते काम आहे, आणि तरुण मंडळींना हे नाव माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

हा महिना पालापाचोळ्याचा. शिशिरात पानगळ जोरात होईलच, पण आत्तापासून साठवायला लागा. आंबा, फणस, वड, पिंपळ यांची पानं जाड, कुजायला वेळ घेतात, त्यांचा चुरा करून घ्यावा. शिरीष, गुलमोहर, शेवगा यांची बारीक पानं लवकर मुरतात. कुंडीत दोन-तीन इंच आच्छादन करा. खोडाला मात्र चिकटू देऊ नका, दोन बोटं जागा सोडा. या दिवसांत पहाटेचं दव आच्छादनावर उतरतं आणि खालची माती दुपारी उशिरापर्यंत ओलसर राहते.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, करणाऱ्यांसाठी: नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. घरच्या बागेला १० लिटरची बादली पुष्कळ. म्हणजे अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, पन्नास ते शंभर ग्रॅम गूळ, तितकंच बेसन. थंडीत ते आंबायला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घाई करू नका, सावलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा.

सोनसळी, पुणे | १६ नोव्हेंबर

मला मदत हवी आहे. शेवंतीच्या चार कुंड्या आहेत. पानं तजेलदार, फुटवे भरपूर, कीड नाही. पण कळी एकही नाही. शेजारच्या काकूंकडे त्याच रोपाची फांदी लावलेली आहे आणि ती कळ्यांनी भरली आहे. खत बदलू का?

मळेकरी, नाशिक | १६ नोव्हेंबर

@सोनसळी, आधी सांगा, कुंड्यांवर रात्री दिवा पडतो का? रस्त्याचा, जिन्याचा, सोसायटीचा, कसलाही.

सोनसळी, पुणे | १६ नोव्हेंबर

हो! पार्किंगचा मोठा दिवा बरोबर गॅलरीसमोर आहे. रात्रभर चालू असतो.

मळेकरी, नाशिक | १६ नोव्हेंबर

तेच कारण. खताला हात लावू नका. शेवंती दिवसाची नाही, रात्रीची लांबी मोजते. रात्र सलग अंधारी आणि पुरेशी लांब झाली की कळ्या धरते. मध्ये उजेड पडला की तिच्या लेखी रात्र तुटते आणि झाड पानंच वाढवत बसतं. फुलशेती करणारे शेतकरी याच गोष्टीचा उपयोग करतात. फुलं उशिरा हवी असतील तर पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर संध्याकाळी काळं आच्छादन ओढतात.

तुम्ही कुंड्या दिवा पोचणार नाही अशा कोपऱ्यात हलवा. जागाच नसेल तर संध्याकाळी सहाला वर जाड काळं कापड किंवा मोठा पुठ्ठ्याचा खोका घाला आणि सकाळी सातला काढा. रोज, न चुकता, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. एका रात्रीचाही खंड नको. पॉइनसेटियाची लाल पानं हवी असणाऱ्यांनाही हेच लागू.

गच्चीवरची, पुणे | १६ नोव्हेंबर

@मळेकरी दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. मी वर रात्रीच्या लांबीचा उल्लेख करून पुढे गेले होते, खरा उलगडा तुम्ही केलात. त्याला जोडून एक. २१ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान, पुण्यात जेमतेम अकरा तासांचा. पण सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस आणि सूर्योदय सगळ्यात उशिरा होतो तो जानेवारीच्या मध्यावर. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळचं ऊन हळूहळू लांबायला लागतं, सकाळ मात्र संक्रांतीपर्यंत उशिराच उजाडते. पश्चिमेच्या गॅलरीवाल्यांनी हे ध्यानात ठेवा, तुमचा हंगाम पूर्वेच्या गॅलरीआधी सुधारतो.

मळेकरी, नाशिक | १७ नोव्हेंबर

आमच्या भागात या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी दोनच शब्द, भुरी आणि केवडा. द्राक्षबागांमुळे ते घरोघरी माहीत आहेत, पण कुंडीतल्या वाटाण्याला, भोपळ्याला, काकडीलाही तेच रोग होतात आणि लोक दोन्हींवर एकच औषध मारतात.

भुरी म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखा पांढरा थर. तिला पान ओलं असण्याची गरज नसते. कोरडे दिवस, थंड रात्री आणि हवेतली आर्द्रता एवढं तिला बास. केवड्याला पानावर पाण्याचा थेंब लागतो. वरून पिवळे डाग आणि पान उलटं केलं की खालून मळकट बुरशी. म्हणून पाऊस लांबला, किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी आला, धुकं राहिलं, की केवडा. आणि आभाळ निवळून थंडी पडली की भुरी.

भुरीला सुरुवातीलाच एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, भर उन्हाच्या वेळी पानांवर फवारा. जास्त असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. कडक उन्हात गंधक मारू नका, पानं करपतात. आणि गंधक व निंबोळी तेल यांची गाठ पडू देऊ नका, मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या. केवड्याला पहिला उपाय म्हणजे पानं कोरडी ठेवणं: पाणी बुंध्याशी, तेही सकाळी, आणि रोपं विरळ.

थंडीबद्दल. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की बातम्यांत येतं. अशा रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असतो. जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि जड झालेली थंड हवा सखल भागात साठते. म्हणून एकाच गावात ओढ्याकाठची बाग गारठते आणि टेकाडावरची वाचते. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, धूर धरतात, विहिरीचं पाणी सोडतात. घरच्या बागेत एवढं नको. पारा पाचाखाली जाणार असेल तर आदल्या दिवशी दुपारी मातीला पाणी द्या आणि रात्री टोमॅटो, वांगी, केळी, पपई यांच्यावर जुनी साडी किंवा चादर टाका.

निवृत्तमास्तर, कोल्हापूर | १७ नोव्हेंबर

@मळेकरी, एक शंका. थंडीत कुंडी ओली ठेवली तर मुळं कुजतात, असं आम्ही सांगत आलो. तुम्ही गारठ्याच्या आदल्या दिवशी पाणी द्या म्हणता. नवीन मंडळी गोंधळतील.

मळेकरी, नाशिक | १७ नोव्हेंबर

मास्तर, रास्त शंका. रोजचं पाणी थंडीत कमीच. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. मी म्हणतो ते फक्त कडाक्याच्या रात्रीसाठी. कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त साठते आणि ती रात्री झाडाच्या बुडाशी मिळते. पाणी मातीला, पानांना नाही. आणि दुपारी, म्हणजे अंधार पडायच्या आत वरची ओल बसते. पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या घरबागेला याची गरज सहसा पडणार नाही. निफाड, धुळे, जळगाव, गोंदियाच्या लोकांना पडते.

गच्चीवरची, पुणे | १७ नोव्हेंबर

पुण्यातही फरक असतो बरं का. पाषाण, एनडीएच्या बाजूची किमान तापमानं शिवाजीनगरपेक्षा खाली असतात आणि मगरपट्ट्याची बरीच वर. तेव्हा ‘पुण्याचं तापमान’ पाहून ठरवू नका, गच्चीवर साधा थर्मामीटर टांगा.

वालपापडी, अलिबाग | १८ नोव्हेंबर

आमच्याकडे भातकापणी उरकली आणि आता वालाची पेरणी चालू आहे. कडवे वाल आम्ही पाण्यावर नाही, ओलीवर आणि दवावर घेतो. भात निघालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यात बी टाकायचं, पुढे पाणी द्यायचं नाही. परसातही मी असंच करते: पावसाळ्यात ज्या वाफ्यात पाणी साचून होतं तोच वाफा वाल आणि पावट्याला. कुंडीत करायचं असेल तर खोल कुंडी घ्या आणि पाणी जरा कंजूषपणेच द्या. लाड केले की नुसता पाला माजतो.

बांधावरचा भांबुर्डा मात्र उपटू नका, तण म्हणून तो आधी बळी जातो. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची असते. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ-ओवा, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. भांबुर्ड्याच्या वासाशिवाय ती पोपटी नाहीच. आमच्या भागात ठिकठिकाणी बांधकामं होऊन बांधच राहिले नाहीत, म्हणून मी परसाच्या कडेला भांबुर्डा मुद्दाम राखून ठेवला आहे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनीही राखावा अशी कळकळीची विनंती.

आंब्याबद्दल: हापूसच्या कलमाला आता पाणी बंद. रात्री गार पडायला लागल्या की मोहर येईल. पाऊस लांबला किंवा आपण पाणी देत राहिलो तर मोहराऐवजी पालवी फुटते. फळ वाटाण्याएवढं झालं की मग पाणी सुरू करा. मोहरावर तुडतुडे येतात, देठाशी चिकट लागलं की समजायचं.

संत्रानगरी, नागपूर | १८ नोव्हेंबर

वालपापडी ताईंनी आंब्याला पाणी तोडायला सांगितलं, तसंच आमच्याकडे संत्र्याला करतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण देतात. पानांची चमक जाते, थोडी मलूल होतात, काही गळतात. मग पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी पांढरं होतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत वेळ लागतो. घरच्या अंगणातल्या एकुलत्या एका संत्र्या-मोसंबीला बारा महिने सारखं पाणी देत राहिलं की ते हिरवंगार राहतं, पण फुलत नाही. जीव कठोर करून पाणी तोडावं लागतं. कुंडीतल्या झाडाला मात्र ताण फार जपून, कुंडी दोन-चार दिवसांतच पूर्ण कोरडी होते.

तुळशीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. तुळशीचं लग्न लागतं आणि त्यानंतरच्या थंडीत बहुतेक घरची तुळस वाळते, मग घरातली माणसं मन लावून घेतात. तुळस मुळात उबेतली. आमच्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की पानं काळपट पडतात. मंजिऱ्यांत बी पिकू दिलं की झाडाची ताकद तिथेच जाते. म्हणून लग्न झालं की मंजिऱ्या खुडून घ्या, त्यातलं थोडं पिकलेलं बी ठेवा. वृंदावन हलवता येत नाही, तेव्हा रात्री वरून सुती कापड आणि सकाळी ऊन आलं की ते काढायचं. शिवाय एक रोप छोट्या कुंडीत करून उबेच्या भिंतीशी ठेवा. मोठी गेली तरी चैत्रात लावायला घरचंच रोप असेल.

मांडवीकाठ, गोवा | १९ नोव्हेंबर

आमच्याकडे थंडी म्हणावी अशी नसते, पण पाऊस गेला की भाजीचा खरा हंगाम हाच. तांबडी भाजी, मुळे, नवलकोल यांचे वाफे आता घरोघरी दिसतील, भात काढलेल्या शेतात आळसांदे (आमची चवळी) पडतील, मिरचीची रोपं लागतील. ताळगावची वांगीही याच दिवसांतली. तांबडी भाजी कुंडीत फार सोपी: बी राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून फेका, वरून मातीचा हलका हात, आणि मुंग्यांवर लक्ष. बी मुंग्या नेतात, म्हणून कडेने राखेची रेघ ओढायची. महिन्याभरात भाजी.

परदेशी_परस, न्यू जर्सी | १९ नोव्हेंबर

तुमचं वाचताना सारखं वाटत होतं की आपण सगळे एकाच महिन्यात आहोत पण किती वेगळं करतोय. माझ्याकडे पहिलं गोठलेलं दव (फ्रॉस्ट) पडून गेलं. एका रात्रीत टोमॅटो, मिरच्या, झेंडू, अळू सगळं काळं. त्याच्या आधीच कच्चे टोमॅटो उतरवून चटण्या करून झाल्या. अळूचे कंद खणून, वाळवून, तळघरात खोक्यात ठेवले.

गच्चीताई, तुमचा सावलीचा हिशोब इथे लावून पाहिला. अक्षांश चाळीसच्या आसपास, म्हणजे डिसेंबरात दुपारचा सूर्य साडेसव्वीस अंशांवर. तीन फुटी कुंपणाची सावली सहा फूट! दक्षिणेच्या कुंपणाजवळचा वाफा हिवाळाभर गोठलेला का राहतो ते नेमकं कळलं.

लसूण मात्र इथेही आत्ताच, माती गोठायच्या आत. पाकळी टोक वर करून दोन इंच खोल, वर वाळक्या पानांचा जाड थर. हिवाळाभर ती बर्फाखाली मुळं धरून बसते, वसंतात वर येते आणि जुलैच्या सुरुवातीला काढायची. ट्यूलिप-डॅफोडिलच्या कंदांनाही असाच तीन-चार महिन्यांचा गारठा लागतो, त्याशिवाय फूल नाही.

कढीपत्ता आणि मोगरा घरात आले आहेत. इथल्या मराठी घरांत कढीपत्त्याला जवळजवळ घरच्या माणसाचा मान असतो. दक्षिणेची खिडकी, पाणी एकदम कमी, आणि आत घेण्याआधी पानांच्या खालून खवले कीड तपासून साबणाच्या पाण्याने पुसणं. पानं थोडी गळतात. ते पाहून पाणी वाढवलं की मुळं कुजतात. त्याला मार्चपर्यंत तसंच राहू द्यायचं.

गच्चीवरची, पुणे | १९ नोव्हेंबर

@परदेशी_परस, लसणाचं वाचून खूप आनंद झाला. मीही याच आठवड्यात पाकळ्या लावते आहे, पण आमचा लसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. एकाच महिन्यात लावलेल्या दोन पाकळ्या, चार महिन्यांच्या अंतराने काढायच्या!

नवशिकी, ठाणे | २० नोव्हेंबर

भोगीच्या भाजीला घरचं काहीतरी असावं अशी फार इच्छा आहे. सोसायटीने गच्चीवर चार कुंड्या ठेवायला परवानगी दिली. आज पेरलं तर काय मिळेल?

गच्चीवरची, पुणे | २० नोव्हेंबर

भोगी जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे हातात पावणेदोन महिने. हिशोब उलटा लावा. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येतो, आरामात होईल. मेथी-कोथिंबीर तर दोनदा होईल. धने पेरताना हाताने चोळून दोन फाकी करा, मग पेरा. वाटाण्याला साठ-सत्तर दिवस, लवकर येणारी जात घेतली तर पहिल्या शेंगा मिळतील. बी रात्रभर भिजवा आणि पहिल्या दिवसापासून काटक्यांचा आधार द्या. ठाण्याच्या हवेत वाटाणा नाशिकसारखा लगडणार नाही, पण घरच्या चार शेंगांचं अप्रूप असतं. गाजराला पंच्याहत्तर ते नव्वद दिवस लागतात, भोगीला करंगळीएवढंच निघेल, तरी पेरा. फक्त रोप उचलून लावू नका, जागेवरच बी टाका, नाहीतर गाजराला फाटे फुटतात. वांग्याची तयार रोपं आणली तर एखादं वांगं लागेल. पावटा मात्र आता उशीर झाला, तो विकत.

आणि हरभरा! घरातलेच मूठभर गावरान हरभरे भिजवून पेरा. घाटे भोगीपर्यंत भरणार नाहीत, पण महिन्याभरात शेंडे खुडून पाल्याची भाजी करता येते. शेंडे खुडले की फुटवेही वाढतात.

निवृत्तमास्तर, कोल्हापूर | २० नोव्हेंबर

हरभऱ्याचा विषय निघाला म्हणून. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तीतून आंबट रस पाझरतो. पूर्वी रात्री शेतावर धुतलेलं पांढरं फडकं पसरत, पहाटे ते दवाने भिजलं की पिळून आंब गोळा करत आणि पोटदुखीवर ठेवत. मुलांनी कुंडीतल्या हरभऱ्याचं पान पहाटे जिभेला लावून बघावं, चव आयुष्यभर लक्षात राहते. याच आंबटपणामुळे हरभऱ्यावर वरून पाणी मारायचं नाही, ती आंब धुऊन जाते.

सोनसळी, पुणे | २१ नोव्हेंबर

काल मेथीवर आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर काळा-हिरवा मावा दिसला. निंबोळी तेल मारू का लगेच?

संत्रानगरी, नागपूर | २१ नोव्हेंबर

मेथी खायची आहे, तिला नुसता पाण्याचा जोरदार फवारा द्या, दोन-तीन दिवस रोज सकाळी. जास्वंदीला निंबोळी तेल लिटरला ५ मिली, चार थेंब साबण घालून, संध्याकाळी. पण आधी पानं नीट न्याहाळा. माव्याच्या गर्दीत काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी लांबट अळी दिसली तर ती ढालकिड्याची. ती दिवसाला कितीतरी मावा खाते. ती असेल तर फवारणी थांबवा, तिला तिचं काम करू द्या.

सोनसळी, पुणे | १२ डिसेंबर

शेवंतीच्या चारही कुंड्यांना कळ्या आल्या! खोका रोज संध्याकाळी घालत होते, आईने सकाळी काढायची जबाबदारी घेतली. मळेकरी दादा, खूप खूप आभार. आता खोका किती दिवस चालू ठेवू?

मळेकरी, नाशिक | १२ डिसेंबर

फार छान वाटलं. कळीत रंग डोकावला की खोका बंद करा. आता पाणी बुंध्याशीच, कळ्यांवर नको. आणि फुलं सरली की झाड टाकून देऊ नका. जमिनीपासून चार-सहा बोटं ठेवून कापा, बुडातून नवे फुटवे येतात. त्यांतले मुळांसकट वेगळे करून ठेवा, पुढच्या पावसाळ्यात तेच लावायचे.

गच्चीवरची, पुणे | १३ डिसेंबर

चंपाषष्ठी आली, वांग्याच्या भरिताची तयारी ज्यांची घरच्या वांग्यांवर आहे त्यांनी जरूर लिहा. पुणेकरांसाठी अजून एक: एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं. शेवंती, डेलिया, गुलाबांच्या जाती तिथे बघून ठेवल्या की नावानिशी मागता येतात. @नवशिकी, तुमचा वाटाणा कुठवर आला? फुलं धरली असतील तर आता नत्राचं खत बंद करा आणि राख थोडी भुरभुरा.